कानावर पडलेलं आणि कान देऊन ऐकलेलं

एका वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात : शिक्षण सगळं मराठीतून झालं, नोकरीत मात्र मेल काय, मीटिंग काय, सगळं इंग्रजीत. एक ऑनलाइन मीटिंग संपली आणि एकेक जण बाहेर पडत गेला. यांचा कॅमेरा आणि माइक आधीपासूनच बंद होता. बाहेर पडायचं लाल बटण दाबणार, एवढ्यात स्वतःचं नाव ऐकू आलं. आता कोणी उरलं नाही असं समजून साहेब आणि दुसरे एक वरिष्ठ बोलत होते. 'इट्स डिफिकल्ट टू पुट हर इन फ्रंट ऑफ द क्लायंट नाऊ' असं एक वाक्य आलं. या थांबल्या आणि पुढची काही मिनिटं ऐकत राहिल्या. त्यातच एका सहकाऱ्याचं कंत्राट पुढे वाढवायचं नाही, असंही बोलणं झालं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी साहेबांना मेल केला : 'आय वॉज ओव्हरहिअरिंग युअर डिस्कशन अबाउट मी. आय वुड लाइक टू क्लॅरिफाय.' उलट एका ओळीचं उत्तर आलं : 'आय वॉज नॉट अवेअर यू वेअर लिसनिंग इन.' तेव्हापासून साहेब कामापुरतंच बोलतात. मैत्रीण म्हणाली, "ओव्हरहिअर म्हणजे चोरून ऐकणं. तू तर लेखी कबुलीच देऊन बसलीस." मोबाइलवरच्या शब्दकोशात 'नकळत ऐकणे' आणि 'चोरून ऐकणे' असे दोन्ही अर्थ निघाले. आता त्या विचारतात : शब्द चुकला का? माफी मागायची का? साहेबांचं खरं मत कळलंच आहे, तर दुसरी नोकरी बघावी का? आणि त्या सहकाऱ्याला सांगावं का?

उत्तर :

ताई, आधी शब्दाचं मिटवू. तुमच्या पत्रात निम्मी घालमेल त्याचीच आहे.

मैत्रिणीचं म्हणणं मनाला लावून घेऊ नका. ओव्हरहिअर म्हणजे चोरून ऐकणं नव्हे. पण तो सरसकट 'माझी काही चूक नाही' असं सांगणारा शब्दही नव्हे, आणि शब्दकोशाने तुम्हाला दोन टोकांचे अर्थ दाखवले ते त्यामुळेच. हे क्रियापद ऐकणाऱ्याच्या मनात काय होतं यापेक्षा बोलणाऱ्याच्या मनात काय होतं हे जास्त सांगतं. बोलणाऱ्याला तुम्हाला ऐकवायचं नव्हतं, किंवा तुम्ही ऐकताय हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि तरी ते तुम्हाला ऐकू आलं, की झालं ओव्हरहिअर. बहुतेक वेळा असं ऐकणं अजाणता होतं, म्हणून 'नकळत' हा अर्थ त्याला चिकटला. ऐकणाऱ्याने मुद्दाम कान दिला असला तरी इंग्रजी बोलणारे कधी कधी हाच शब्द वापरतात, आणि कोशकारांना तेही नोंदवावं लागतं.

यातून एक साधी कसोटी हाती लागते. स्टेशनवरची घोषणा कोणी ओव्हरहिअर करत नाही, ती सगळ्यांसाठीच असते. शेजारच्या टेबलावर दोघं आपसात बोलतात, ते मात्र ओव्हरहिअर होतं. बाहेरून उडतउडत बातमी कळली तर तिथेही हे क्रियापद चालत नाही. बोलणारा बोलत असताना त्याचा आवाज थेट तुमच्या कानावर आलेला असला पाहिजे. मराठीत आपण हा फरक किती सहज करतो पाहा : बोलणं कानावर पडतं, बातमी कानावर येते आणि एखादी गोष्ट आपण कोणाच्या तरी कानावर घालतो. ओव्हरहिअर या तिघांतल्या फक्त पहिल्याशी जुळतं.

सुरुवातीचं 'ओव्हर' पुष्कळांना चकवतं. ओव्हरईट म्हणजे प्रमाणाबाहेर खाणं, ओव्हरस्लीप म्हणजे वेळ टळून गेली तरी झोपून राहणं, म्हणून ओव्हरहिअर म्हणजे जरुरीपेक्षा जास्त ऐकणं, असा हिशोब शाळेपासून डोक्यात बसतो. इथे मात्र आवाज ज्याच्यासाठी होता त्याला ओलांडून पुढे गेला, असं काहीसं चित्र असावं. या 'ओव्हर'वर फार भिस्त ठेवू नये. जुन्या इंग्रजीत याच घडणीचा शब्द 'न ऐकणे, न जुमानणे' अशा अर्थानेही वापरत, आणि त्याचा जर्मन भाऊबंद 'युबरह्योरेन' आजही ऐकू न येणं किंवा ऐकून न ऐकल्यासारखं करणं याच अर्थाने चालतो. घडण तीच आणि अर्थ थेट उलटा. तेव्हा तुकडे पाडून अर्थ लावायची खोड या शब्दापुरती तरी सोडलेली बरी.

चोरून ऐकण्याला इंग्रजीत वेगळा शब्द आहे : ईव्ह्सड्रॉप. तो कळायला मराठी माणसाला कोश उघडावा लागत नाही. ईव्ह्ज म्हणजे वळचण. छपराच्या पागोळ्या जिथे गळतात ती घराभोवतीची पट्टी म्हणजे ईव्ह्सड्रॉप, आणि तिथे भिंतीला लागून उभं राहून आतलं बोलणं ऐकणारा तो ईव्ह्सड्रॉपर. इंग्लंडच्या कायद्यात हा चक्क गुन्हा होता. विल्यम ब्लॅकस्टोन या कायदेपंडिताने १७६९ मध्ये त्याची व्याख्या दिली आहे. भिंतीखाली, खिडकीखाली किंवा वळचणीला उभं राहून लोकांचं बोलणं ऐकणारे आणि मग त्यावरून बदनामीच्या, खोडसाळ गोष्टी रचणारे, अशी ती व्याख्या. तो गुन्हा तिथल्या कायद्यातून रद्द झाला तो थेट १९६७ साली. व्याख्येतला शेवटचा भाग लक्षात ठेवा, सहकाऱ्याच्या प्रश्नाकडे वळताना तो लागेल.

मग मेलमध्ये चुकलं काय? शब्द बरोबर होता, रूप चुकलं. 'आय वॉज ओव्हरहिअरिंग' असं सहसा कोणी म्हणत नाही. हे क्रियापद घडून गेलेल्या गोष्टीचं आहे, करत बसण्याच्या गोष्टीचं नाही. 'आय ओव्हरहर्ड' म्हटलं की कानावर पडलं आणि ते तिथेच संपलं. 'वॉज' आणि 'इंग' जोडलं की ते एक चालू काम होतं, जणू तुम्ही ठाण मांडून ऐकत होतात. साहेबांच्या उत्तरात 'लिसनिंग इन' आलं ते उगाच नाही. बसून, लक्ष देऊन दुसऱ्यांचं बोलणं ऐकण्याला तसंच म्हणतात. तुमच्या क्रियापदाचं रूप वाचून त्यांनी त्याला शोभेल असा शब्द परत पाठवला.

मराठी माणसाची इथे आणखी एक गोची होते. आपल्याकडे 'मी ऐकलं' आणि 'मला ऐकू आलं' ही वाक्यं वेगळी आहेत. दुसऱ्यात आपण काहीच करत नाही, आवाजच आपल्यापर्यंत येतो. इंग्रजीत ओव्हरहिअर वापरताना कर्ता 'आय'च राहतो, त्यामुळे निर्दोष वाक्यसुद्धा आपल्या कानाला गुन्ह्याच्या कबुलीसारखं वाटतं. तुमच्या मैत्रिणीला ते तसंच वाटलं. इंग्रजी वाचणाऱ्याला तसं वाटत नाही.

वापराचं बाकी थोडक्यात सांगते, कारण ही गडबड पुष्कळांची होते. भूतकाळ ओव्हरहर्ड, उच्चार शेवटी 'हर्ड' असा, 'हिअर्ड' नाही. 'आय ओव्हरहर्ड देम टॉकिंग' म्हणजे ते बोलत असताना मधलं काही कानी आलं. 'आय ओव्हरहर्ड हिम से दॅट' म्हणजे तो ते म्हणाला हे अख्खं ऐकू आलं. 'ओव्हरहर्ड अबाउट द प्लॅन' किंवा 'ओव्हरहर्ड फ्रॉम हिम' असं लिहू नये, तिथे साधं 'हर्ड' पुरतं. आणि दोघांच्या बोलण्यात सभ्यपणे शिरायचं असेल तर 'आय कुडंट हेल्प ओव्हरहिअरिंग' हा अगदी रुळलेला प्रयोग आहे, म्हणजे न ऐकण्याचा प्रयत्न केला तरी कानावर आलंच. तिथे 'इंग' येतं ते 'हेल्प'मुळे. त्यावरून 'वॉज ओव्हरहिअरिंग'ला परवाना मिळत नाही.

आता जरा अवघड भाग. शब्दाची दुरुस्ती करून साहेबांना नवा मेल पाठवायचा आणि विषय संपवायचा, असं तुमच्या मनात दिसतं. 'मला फक्त ऐकू आलं होतं' असं पत्रात तुम्ही तीन-चार वेळा लिहिलं आहे. पण तुम्हीच लिहिता की नाव ऐकलं, हात थांबला, आणि पुढची काही मिनिटं तुम्ही तिथेच होतात. नाव ऐकू आलं तिथपर्यंत ते ओव्हरहिअर. ते पहिलं वाक्यही त्यातच धरू, कारण माणूस गोंधळतो, काय चाललंय हे कळायला दोन क्षण जातात. त्यानंतरचं मात्र त्या क्रियापदात बसत नाही. 'वॉज ओव्हरहिअरिंग' हे रूप इंग्रजीला का रुचत नाही ते इथेच कळतं. कानावर पडणं लांबवता येत नाही, लांबवलं की ते ऐकत राहणं होतं. तुमचं व्याकरण चुकलं खरं, पण चुकून त्याने झालं ते बरंचसं प्रामाणिकपणे सांगितलं.

यात तुम्हाला गुन्हेगार ठरवायचा माझा हेतू नाही. स्वतःचं नाव कानावर आल्यावर मन तिकडे ओढलं जाणं आपल्या हातात नसतं. संशोधक कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये दोन कानांत दोन वेगळे निरोप ऐकवून पाहिले. एका कानाकडे लक्ष द्यायला सांगितलं की दुसऱ्या कानातलं बोलणं काय होतं, हे लोकांना जवळपास सांगताच येत नव्हतं. मग १९५९ मध्ये मानसशास्त्रज्ञ नेव्हिल मोरे यांनी त्या दुर्लक्षित कानात ऐकणाऱ्याचंच नाव घातलं, तेव्हा साधारण एक तृतीयांश लोकांना ते जाणवलं. बाकी काही शिरत नव्हतं तिथे नाव शिरलं. तेव्हा तुमचा हात थांबला याबद्दल मनाला खाऊ नका. फोनवर बोलणाऱ्याचं एकतर्फी बोलणंही असंच लक्ष ओढतं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दोघांचं पूर्ण संभाषण ऐकण्यापेक्षा एकाच बाजूचं बोलणं ऐकताना लोकांचं हातातलं काम जास्त बिघडलं, कारण समोरचा काय म्हणाला असेल हे मन भरत बसतं. 'लोक कान देऊन का ऐकतात' असं चिडून विचारणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांनी बोलणाऱ्यांच्या आसपास असणाऱ्यांची वर्गवारी केली आहे. ज्यांना बोलणं उद्देशून आहे ते एकीकडे, आणि नुसते जवळपास असणारे दुसरीकडे. या दुसऱ्यांमध्येही अजाणता ऐकणारे वेगळे आणि जुळवून आणून ऐकणारे वेगळे. अजाणता ऐकणाऱ्याकडून लोकांची एक न बोललेली अपेक्षा असते : त्याने बाजूला व्हावं, किंवा आपण इथे आहोत हे कळू द्यावं. खोलीत असता तर तुम्ही खाकरला असता, खुर्ची सरकवली असती. पडद्यावर ते आपोआप होत नाही. तिथे तुमचं अस्तित्व म्हणजे कोपऱ्यातला '३' हा आकडा आणि नावाच्या आद्याक्षराचा एक गोल. तो आकडा साहेबांनी पाहिला नाही ही त्यांची बेफिकिरी. तुम्ही माइक उघडून 'सर, मी अजून इथेच आहे' म्हटलं नाहीत ही तुमची. दोन्ही चुका लहान आहेत, आणि दोघांनाही त्यांची लाज वाटतेय. साहेबांचं कामापुरतं बोलणं मला रागापेक्षा ओशाळलेपणाचं वाटतं. आपण पाठीमागे बोलताना सापडलो, हे कोणत्याही वरिष्ठाला सुखाचं नसतं.

तुम्ही जी गोष्ट ठरवूनच टाकली आहे ती मात्र मला मान्य नाही. 'साहेबांचं खरं मत कळलं' असं तुम्ही लिहिता. काय कळलं? पत्रात ते वाक्य तुम्ही दोनदा दिलं आहे. पहिल्यांदा त्याच्या शेवटी 'नाऊ' आहे. पुढच्या पानावर, नोकरी सोडायचा विषय येतो तिथे, तेच वाक्य 'नाऊ' गाळून लिहिलं आहे. 'तिला आत्ता क्लायंटपुढे ठेवणं अवघड आहे' आणि 'तिला क्लायंटपुढे ठेवणं अवघड आहे' यांत केवढा फरक पडतो ते तुम्हीच वाचून पाहा. पहिल्याचं कारण तुमच्या हातातलं अर्धवट काम असू शकतं, क्लायंटचं बदललेलं वेळापत्रक असू शकतं, किंवा तुम्हाला भीती वाटते तेच असू शकतं. कोणतं, ते तुम्हाला ठाऊक नाही. त्याआधीचं वाक्य तुम्ही ऐकलेलं नाही, कारण नाव येईपर्यंत तुमचं तिकडे लक्षच नव्हतं.

सगळं नीट ऐकलं असतं तरी खात्री नसतीच. मायकेल शोबर आणि हर्बर्ट क्लार्क या संशोधकांनी १९८९ मध्ये एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. एक माणूस विचित्र आकृत्यांचं वर्णन करतो, दुसरा ते ऐकून त्या क्रमाने लावतो, आणि तिसरा फक्त ऐकून त्याच आकृत्या लावतो. तिसऱ्याला सुरुवातीपासूनचा प्रत्येक शब्द ऐकू येत होता, तरी त्याच्या चुका जास्त झाल्या. ज्याच्याशी बोलणं चाललंय तो मध्येच 'म्हणजे कसं?' असं विचारतो, बोलणारा त्याच्या आकलनाप्रमाणे बोलणं वळवतो. बाहेरच्याला ही सोय नाही, तो अंदाजाने भरत जातो. आकृत्यांसारख्या कोरड्या विषयात ही गत, मग विषय आपण स्वतः असलो तर अंदाज कुठल्या दिशेने जाणार हे सांगायला नको. खरं आणि खोटं यांत चार बोटांचं अंतर, ही आपली म्हण अफवांबद्दल वापरतात, पण ती स्वतःच्या कानांनी ऐकलेल्यालाही लागू पडते.

म्हणून दुसरी नोकरी बघायचा निर्णय एवढ्यावर नको. नोकरी बदलायची इतर कारणं असतील तर जरूर बदला, पण ती कारणं पत्रात कुठे दिसली नाहीत.

आता करायचं काय. गप्प बसून विषय आपोआप विरेल अशी वाट पाहणं हा एक मार्ग. मेल गेला नसता तर मी कदाचित तोच सुचवला असता. कानावर पडलेलं पुष्कळसं कानाआड करणं हाच शहाणपणा असतो. पण तुम्ही बोलून बसला आहात, त्यांनी टोचून उत्तर दिलं आहे, आणि आता गप्प राहिलात तर 'ही अजून काय काय ऐकते' हा संशय तसाच राहील. दुसरा मार्ग म्हणजे ओव्हरहिअर आणि ईव्ह्सड्रॉप यांतला फरक समजावणारा मेल. कृपा करून तो लिहू नका. वरचा व्याकरणाचा भाग तुमच्यासाठी आणि पुढच्या वेळेसाठी आहे. साहेबांना शब्दार्थ शिकवायला गेलात तर सारवासारव केल्यासारखं होईल, आणि थोडीशी ती असेलही. तिसरा मार्ग लांबलचक माफीनाम्याचा. त्याने प्रकरण आहे त्यापेक्षा मोठं दिसेल.

मी म्हणेन, पाच मिनिटं मागून घ्या आणि तोंडी बोला. मेलने जे बिघडलं ते मेलने दुरुस्त करायला गेलं की गाठ आणखी आवळते, कारण आवाजातला सूर लिहिता येत नाही. साहेबांशी एरवी मराठीत बोलणं होत असेल तर मराठीतच बोला, घाबरलेलं असताना परक्या भाषेत शिरू नका. म्हणायचं एवढंच : "सर, त्या दिवशी मी बाहेर पडत होते, तेवढ्यात माझं नाव ऐकू आलं आणि मी थांबले. तेव्हाच तुम्हाला सांगायला हवं होतं, ते केलं नाही. सॉरी." यात तुम्ही थांबलात हे स्पष्ट येतं, आणि का थांबलात तेही. इंग्रजीतच बोलावं लागलं तर : 'आय ओव्हरहर्ड माय नेम अ‍ॅज आय वॉज लीव्हिंग, अँड आय स्टेड ऑन. आय शुड हॅव स्पोकन अप. आय अ‍ॅम सॉरी.' नावापुरतं ओव्हरहर्ड आणि पुढच्यासाठी सरळ 'स्टेड ऑन', म्हणजे दोन गोष्टींना दोन वेगळी क्रियापदं. 'अ‍ॅक्सिडेंटली' हे क्रियाविशेषण घालायचा मोह होईल. इंग्रजी बोलणारेही ते सर्रास घालतात, पण तुमच्या बाबतीत ते फक्त पहिल्या क्षणापुरतं खरं आहे, म्हणून गाळा.

त्याच दमात 'पण तुम्ही माझ्याबद्दल असं का म्हणालात' हे विचारू नका. माफी आणि जाब एका वाक्यात आले की समोरच्याला फक्त जाब ऐकू येतो. क्लायंटच्या कामाचा प्रश्न नंतर कधीतरी, स्वतंत्रपणे काढा. तो विचारायला तुम्हाला ते ऐकलेलं वाक्य लागतच नाही. "मला क्लायंटसमोर काम करायचं आहे, त्यासाठी माझ्यात काय कमी पडतंय?" हा प्रश्न कोणीही कर्मचारी कधीही विचारू शकतो, आणि त्याचं उत्तर त्यांनी तुम्हाला उद्देशून दिलेलं असेल. तेव्हा तुम्हाला 'म्हणजे कसं?' विचारता येईल. साहेबांनी स्वतःहून त्या दिवसाचा विषय काढला तर ऐकून घ्या, पण 'तुम्ही असं म्हणालात, मग तसं म्हणालात' अशी उजळणी करू नका. आणि ते उडवाउडवी करत राहिले, दोन-तीनदा विचारूनही सरळ उत्तर मिळालं नाही, तर ती खरी माहिती समजा. तिच्यावर निर्णय घ्यायला हरकत नाही.

अशा प्रसंगात सापडलेल्या इतरांसाठीही माझा सल्ला फारसा वेगळा नाही. जितक्या लवकर आपण तिथे आहोत हे कळू द्याल तितकं ते सोपं जातं. पहिल्या मिनिटाला ते एक खाकरणं असतं, दहाव्या मिनिटाला त्याचा खुलासा होतो आणि दुसऱ्या दिवशी मेल. ऐकलेलं लिहून कळवायचंच असेल तर रात्री लिहू नका. आणि मीटिंग संपल्यावर मागे राहून बोलणाऱ्यांनी तो कोपऱ्यातला आकडा एकदा बघून घ्यावा, भिंतींना कान असतात हे सांगायला पूर्वी निदान भिंत तरी दिसत होती.

राहिला तुमचा सहकारी. चारपैकी याच प्रश्नावर माझं मन खरोखर दोन्हीकडे गेलं. त्याला सांगितलंत तर तो वेळेत हालचाल करू शकेल, हे खरं आहे. तुमच्या जागी कोणालाही ही माहिती दडपून त्याच्याशी हसून बोलणं जड जाईल. पण तुम्ही काय सांगणार? वर ज्या वाक्याचं 'नाऊ' गळून पडलं, त्याच काही मिनिटांतलं हेही आहे. कंत्राट वाढवायचं नाही हा निर्णय होता, प्रस्ताव होता, की दोघांपैकी एकाचं मत, हे तुम्हाला सांगता येणार नाही, आणि तो मात्र ते पक्कं धरून चालेल. शिवाय ही गोष्ट तुमच्याबद्दलची नाही. ब्लॅकस्टोनच्या व्याख्येत नुसतं ऐकणं पुरेसं नव्हतं, त्यावरून पुढे गोष्टी रचणंही होतं. तुम्ही काही रचणार नाही हे मला माहीत आहे, पण अर्धवट ऐकलेलं पुढे गेलं की रचण्याचं काम ऐकणारे करतात.

कोणाच्या जिवाला धोका आहे, कोणाची फसवणूक चालली आहे, असं काही कानावर आलं असतं तर मी याच्या उलट सांगितलं असतं. तेव्हा कसं ऐकलं याचा संकोच बाजूला ठेवून योग्य माणसापर्यंत ते लगेच पोचवायचं असतं. इथे तसं नाही. इथे एक वरिष्ठ नेमणुकीबद्दल बोलत होता, आणि ते त्याचं कामच आहे.

तेव्हा सांगू नका. मात्र साहेबांशी बोलायला जाल तेव्हा तुमची माफी झाल्यावर एक वाक्य जोडा : "आणखी एकाबद्दलही बोलणं माझ्या कानावर आलं. ते मी कोणाला सांगितलेलं नाही, पण त्याला ते लवकर कळावं असं मला वाटतं." मग ते त्याला कधी आणि कसं सांगायचं, हे त्यांच्यावर सोडा. आणि दरम्यान त्या सहकाऱ्याने सहज विचारलं की 'माझ्या कंत्राटाचं काही कळलं का गं?', तर 'नाही' असं खोटं बोलू नका. 'मला सांगता येणार नाही, तू साहेबांनाच थेट विचार, आणि लवकर विचार' एवढं म्हणा.